ताडपत्रीची जात: नेपाळमधले मदतवाटप आणि 'तटस्थ' समन्वयाचे सोंग

"आपत्ती जात बघत नाही." प्रत्येक पुरानंतर, प्रत्येक भूकंपानंतर हे वाक्य कुणीतरी आमच्या तोंडावर फेकतेच. त्याला जोडून उपदेशही येतो, की निदान अशा वेळी तरी जात काढू नका. जमीन हलते तेव्हा ती कुणाचा जातीचा दाखला मागत नाही, एवढे आम्हालाही कळते. पण जमीन हलायची थांबली की दुसऱ्या दिवशी यादी तयार होते. ती यादी कोण करतो? कुणाच्या ओट्यावर बसून करतो? ट्रक कुठवर येतो आणि कुठे थांबतो? ताडपत्र्या उतरवून कुणाच्या घरात ठेवल्या जातात? या प्रश्नांना जात आहे. आणि त्याआधीचा प्रश्न म्हणजे दरड कोसळणाऱ्या उतारावर, दगडमातीच्या कच्च्या घरात मुळात कोण राहत होते? म्हणजे ते वाक्य अर्धेही खरे नाही.

या वादासाठी आम्ही मुद्दाम नेपाळचे उदाहरण घेतो आहोत. भारतातले उदाहरण दिले की लगेच "तुमच्या सरकारी यंत्रणेचा दोष" असे म्हणून विषय मिटवला जातो. नेपाळमध्ये ती सोय नाही. दहा वर्षांचे यादवी युद्ध संपवून उभा राहणारा देश, शांतता करार, संयुक्त राष्ट्रांचे मिशन, जगभरच्या संस्था, मदतीचे समन्वय करणारे प्रशिक्षित तज्ज्ञ असे सगळे तिथे होते. आणि जातिव्यवस्था अशी की आपल्याला अनुवादाची गरज पडू नये. १८५४ च्या 'मुलुकी ऐन'ने तिथे जातींची उतरंड थेट कायद्यात लिहून ठेवली होती. १९६३ च्या नव्या ऐनाने ती कायद्यातून काढली. अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र फौजदारी कायदा यायला मात्र २०११ उजाडले.

थोडी पार्श्वभूमी. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी माओवाद्यांनी रोल्पा, रुकुम, सिंधुली, गोरखा या जिल्ह्यांत हल्ले करून 'जनयुद्ध' सुरू केले. पुढच्या दहा वर्षांत सुमारे १७ हजार माणसे मेली. या युद्धात कामी, दमाई, सार्की अशा डोंगरी दलित जातींची पोरे-पोरी मोठ्या संख्येने बंदूक घेऊन उतरली, कारण माओवाद्यांनी त्यांना नळावर हात लावायचा आणि ताठ चालायचा हक्क देऊ केला. तो हक्क त्यांना आधी कुठल्याच पक्षाने दिला नव्हता, म्हणून आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. २१ नोव्हेंबर २००६ रोजी सर्वसमावेशक शांतता करार झाला. सह्या गिरिजाप्रसाद कोइराला आणि प्रचंड यांच्या. एक सरकारचा, एक बंडखोरांचा. दोघेही बाहुन, म्हणजे ब्राह्मण. युद्धाच्या दोन बाजू होत्या हे खरे, पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना जात एकच होती.

हे टोमणा मारायचा म्हणून लिहीत नाही. मदतीच्या समन्वयाचा सगळा साचा याच 'दोन बाजू' या कल्पनेतून घडला. युद्ध चालू असताना, २००३ मध्ये, नेपाळमधल्या परदेशी देणगीदारांनी काही मूलभूत कार्यनियम ठरवले. त्यांचा गाभा असा की मदत केवळ गरजेप्रमाणे दिली जाईल आणि कुठल्याही राजकीय, वांशिक वा धार्मिक हेतूने दिली जाणार नाही. लष्कराने धान्य पळवू नये, बंडखोरांनी देणगी उकळू नये, कामगारांना कुणी ओलीस धरू नये, यासाठी ते नियम योग्यच होते. दोन बंदुकांच्या मध्ये पोते घेऊन चालणाऱ्या माणसाला तटस्थ राहावेच लागते.

पण ही तटस्थता उचलून जातीच्या प्रश्नावर ठेवली की ती उलटी होते. बाहुन आणि सार्की या दोन लढणाऱ्या फौजा नाहीत. एकाच्या हातात नळ आहे आणि दुसऱ्याच्या हातात रिकामी घागर. तिथे 'मध्ये' उभे राहणे म्हणजे नळाच्या मालकाला राखणदार पुरवणे. 'केवळ गरजेप्रमाणे' हे ऐकायला गोड लागते, पण गरज मोजणारा कोण? गावात गेल्यावर परदेशी संस्थेचा माणूस ज्याच्या घरी चहा पितो तो. ज्याला इंग्रजी येते तो. ज्याचे घर रस्त्यालगत आहे तो. नेपाळचेच मानववंशशास्त्रज्ञ डोरबहादुर बिष्ट यांनी १९९१ साली आपल्या ग्रंथात 'आफ्नो मान्छे' आणि 'चाकरी' या दोन गोष्टींवर बोट ठेवले होते. आपला माणूस असल्याशिवाय काम होत नाही, आणि आपला माणूस होण्यासाठी वरच्याच्या दारात उभे राहावे लागते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे शिकलो तेव्हा नेपाळबद्दल शिकतोय असे वाटलेच नाही. तालुक्याच्या कचेरीचे वर्णन वाटले.

आता २५ एप्रिल २०१५. शनिवार दुपार. गोरखा जिल्ह्यात केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप, नंतर १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का. सुमारे ९ हजार मृत्यू, जवळपास ५ लाख घरे जमीनदोस्त. ज्या गोरख्यात १९९६ ला युद्धाची ठिणगी पडली तिथेच १९ वर्षांनी जमीन फाटली. जग धावले. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीप्रमाणे 'क्लस्टर' बसले: निवारा, अन्न, पाणी-स्वच्छता, आरोग्य, शिक्षण वगैरे. प्रत्येक क्लस्टरची बैठक, प्रत्येक बैठकीचा तक्ता. कोणती संस्था, कोणते काम, कोणत्या जिल्ह्यात. ही पद्धत वाईट नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. ती नसती तर एकाच गावात दहा संस्था ब्लँकेटे वाटून गेल्या असत्या आणि पलीकडच्या डोंगरावर कुणीच पोचले नसते. पण त्या तक्त्याचे रकाने बघा. संस्था, काम, जिल्हा, गाव. गावाच्या आत तक्ता शिरत नाही. गावापर्यंत ताडपत्री पोचली की तक्त्यातला चौकोन भरला. गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या सार्की टोल्यात ती पोचली का, हे विचारायची त्या तक्त्यात जागाच नाही.

गावाच्या आत कोण होते? इथे खरी मेख आहे. नेपाळमध्ये स्थानिक निवडणुका १९९७ नंतर झाल्याच नव्हत्या. २००२ मध्ये मुदत संपली. आधी युद्ध, मग शांतता करार, मग संविधानाची भांडणे. भूकंप झाला त्या दिवशी देशातल्या एकाही गावात निवडून आलेला प्रतिनिधी नव्हता. होता तो गाविस सचिव, म्हणजे सरकारी ग्रामसेवक, आणि त्याच्याभोवती बसलेले पक्षांचे स्थानिक पुढारी. वर जिल्ह्यात प्रमुख जिल्हा अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दैवी प्रकोप उद्धार समिती. सरकारने 'एकद्वार' धोरण जाहीर केले, म्हणजे मदत एकाच दारातून येईल आणि जाईल. गोंधळ टाळायला हे बरे, असे कागदावर कुणालाही वाटेल. पण दार एकच ठेवायचे असेल तर दाराशी कोण बसला आहे हे आधी बघायला नको? ज्या समाजात दलिताला वरच्या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, तिथे 'एकद्वार' या शब्दाचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. जून २०१५ मध्येच अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने इशारा दिला की जात, लिंग आणि राजकीय लागेबांधे यांवरून मदतीत भेदभाव होतो आहे. त्याच महिन्यात काठमांडूत देणगीदारांची परिषद झाली आणि ४४० कोटी डॉलरची आश्वासने मिळाली. २०१७ मध्ये अॅम्नेस्टीला पुन्हा स्वतंत्र अहवाल काढावा लागला, यावेळी पुनर्बांधणीत वंचितांना कसे वगळले गेले यावर.

पुनर्बांधणीचा किस्सा मदतीहून वाईट आहे, आणि त्यात कुणाला शिवीगाळ करावी लागली नाही, कुणाला रांगेतून हाकलावे लागले नाही. सगळे नियमानुसार झाले. घर बांधायला आधी २ लाख, नंतर वाढवून ३ लाख नेपाळी रुपये अनुदान, तेही हप्त्यांत. अट अशी की घर ज्या जमिनीवर बांधायचे तिचा लालपुर्जा, म्हणजे मालकीचा कागद दाखवा. आता डोंगरी दलिताकडे लालपुर्जा कुठून यायचा? पिढ्यान्‌पिढ्या तो लोहारकाम, शिंपीकाम, चामड्याचे काम करून 'बाली' म्हणून वर्षाचे धान्य घेत आला. आपल्याकडच्या बलुत्यासारखेच. मालकाच्या किंवा सरकारी जमिनीच्या तुकड्यावर त्याची झोपडी. भूकंपात त्याचे घर पडले याबद्दल शंका नाही, इंजिनिअर येऊन बघून गेला. पण ज्या जमिनीवर ते पडले ती त्याची नाही, म्हणून कागदोपत्री त्याचे काही पडलेच नाही! पुढे पुनर्निर्माण प्राधिकरणाने भूमिहीनांना जमीन घेण्यासाठी वेगळे पैसे द्यायची तरतूद केली, ती नाकारण्याचे कारण नाही. पण पहिले पावसाळे आणि हिवाळे पत्र्याखाली काढून झाल्यावर. हप्त्यांचाही फास होताच. पाया घातल्याशिवाय पुढचा हप्ता नाही आणि पाया घालायला पहिला हप्ता पुरत नाही. मग सावकार. शिवाय रोजगाराची मदत म्हणून बियाणे द्यायचे ठरले तर ज्याला वावर नाही त्याने ते पेरायचे कुठे? त्याची ऐरण, त्याचे शिलाईयंत्र ढिगाऱ्याखाली गेले, त्याचे काय? 'कृषी' नावाचे काम असते, तसे ऐरणीच्या नावाचे नसते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे नाक मुरडू नये. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा. पूर्ण उद्ध्वस्त गावांचे पुनर्वसन करताना घराचे आकारमान कशावर ठरले? कुटुंबात माणसे किती, यावर नव्हे. जमीन किती, यावर. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४०० आणि त्यावरच्याला ७५० चौरस फूट. मराठवाड्यात भूमिहीन कोण आणि बागायतदार कोण, हे सांगायला जनगणना लागत नाही. जुने गाव कोसळले तेव्हा वेशीबाहेरच्या वस्तीची रचना मोडायची संधी आली होती. जमिनीच्या उताऱ्याने ती पुन्हा सिमेंटमध्ये ओतली. जागतिक बँकेचे कर्ज होते, तज्ज्ञ होते, समन्वय होता.

२०१९ च्या महापुरात आम्ही कृष्णाकाठी काम करत होतो. मुंबई-पुण्याहून आलेला प्रत्येक ट्रक चावडीपाशी थांबायचा, पुढारी हार घालून स्वागत करायचे, फोटो व्हायचे आणि सामान एका मंदिराच्या सभामंडपात उतरायचे. बौद्धवाड्यातल्या बायका तिथे जाऊन रांगेत उभ्या राहायला तयार नव्हत्या, कारण ज्या सभामंडपात एरवी पाय ठेवता येत नाही तिथे भिकेसारखे उभे राहायचे कसे? मग गावकीचे म्हणणे, "त्यांना गरज दिसत नाही." गरज अशी मोजली जाते. नेपाळमधल्या दलित कार्यकर्त्यांचे अहवाल वाचताना आम्हाला एकाही गोष्टीचे आश्चर्य वाटले नाही, ते यामुळे.

या सगळ्यावर तीन उत्तरे येतात. पहिले उत्तर संस्थांचे: घाईच्या वेळी जातवार नोंद करणे शक्य नसते. हे खोटे आहे. नेपाळमध्येच भूकंपग्रस्तांचे मत अजमावणाऱ्या संस्थांच्या सामाईक पाहणीत उत्तरे जात-जमातवार मांडली जात होती. म्हणजे 'तुम्ही समाधानी आहात का' हे जातवार विचारता येते, पण 'तुम्हाला काय मिळाले' हे जातवार लिहिता येत नाही! स्त्री-पुरुष, वय, अपंगत्व यांच्या नोंदी ठेवायला ज्यांना वेळ मिळतो त्यांना एक रकाना जड होत नाही. जड होते ते त्या रकान्यातून निघणारे उत्तर.

दुसरे उत्तर जास्त सभ्य आणि म्हणून जास्त घातक आहे: देश नुकताच युद्धातून बाहेर आलाय, शांतता नाजूक आहे, जातीवरून मदत विभागली तर जखमा उघडतील. आम्ही विचारतो, कुणाची शांतता? ज्या विषमतेतून दलित पोरे युद्धात गेली, ती तशीच ठेवून मिळणाऱ्या शांततेला दलिताने काय म्हणून जपावे? युद्धपीडितांना दिलेल्या अंतरिम मदतीतही हाच 'नाजूकपणा' दिसला. मृत आणि बेपत्ता यांच्या कुटुंबांना रक्कम मिळाली. बलात्कार आणि छळ सोसलेल्यांना त्या यादीत जागा नव्हती. शांतता नाजूक आहे म्हणून गप्प बसायला सांगितले जाते ते नेहमी ज्याच्या वाट्याला शांतता आलीच नाही त्याला.

तिसरे उत्तर आमच्या डाव्या मित्रांचे: वर्गाचा प्रश्न सुटला की जात आपोआप जाईल. नेपाळपुरते याचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी बाबासाहेब काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेत 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या विषयावर बोलले. महापरिनिर्वाणाच्या अवघ्या सोळा दिवस आधी. हिंसेच्या जोरावर आणलेली समता जोर संपला की टिकत नाही, माणसाच्या मनात बदल घडवावा लागतो, हा त्यांचा युक्तिवाद त्या शहराने ऐकला होता. पन्नास वर्षांनी मार्क्सवादी त्याच शहरात सत्तेवर आले. पंतप्रधानपद त्यांना एकापेक्षा जास्त वेळा मिळाले. आणि २३ मे २०२० रोजी, कोविडच्या टाळेबंदीत, ज्या रुकुममध्ये जनयुद्ध सुरू झाले होते तिथेच, वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम केले म्हणून जाजरकोटचा एक दलित तरुण आणि त्याचे पाच मित्र जमावाच्या पाठलागानंतर मेले. प्रेते भेरी नदीत सापडली. बंदुकीने नळ उघडला होता. बंदूक छावणीत जमा झाली आणि नळ पुन्हा बंद झाला.

याचा अर्थ सगळे व्यर्थ गेले असा नाही. २००८ च्या पहिल्या संविधानसभेत ६०१ पैकी सुमारे ५० दलित सभासद होते, हे त्या लढ्याशिवाय घडले नसते. २०१५ च्या संविधानानंतर २०१७ मध्ये स्थानिक निवडणुका झाल्या तेव्हा कायद्याने प्रत्येक वॉर्डात एक जागा दलित स्त्रीसाठी राखीव होती. ६,७४३ वॉर्डांमधून ६,५६७ दलित स्त्रिया निवडून आल्या. दक्षिण आशियात इतकी मोठी गोष्ट क्वचित घडली असेल, आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी तिची चार ओळींचीसुद्धा दखल घेतली नाही.

३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जाजरकोट आणि पश्चिम रुकुममध्ये पुन्हा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. दलित वस्त्यांना मोठा फटका बसला. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ५० हजार रुपये, तेही दोन हप्त्यांत. यावेळी गावात निवडून आलेले लोक होते, वॉर्डात दलित स्त्री सदस्य होती. पण यादीवर सही वॉर्ड अध्यक्षाची, शिफारस त्याची, शिक्का त्याचा. तिला बैठकीला बोलावतात, चहा पाजतात, उपस्थितीच्या वहीत सही घेतात. वहीतली सही आणि यादीवरची सही यांत जे अंतर आहे तेवढीच आमची मागणी आहे.

म्हणून ज्या बौद्ध संघटना, जी आंबेडकरी मंडळे परदेशात राहून किंवा इथून वर्गणी गोळा करून नेपाळला, श्रीलंकेला, कुठेही मदत पाठवतात, त्यांना आमचे सांगणे आहे. पैसे देण्याआधी संस्थेला लेखी विचारा: वाटपाची नोंद जातवार ठेवणार का? सामान दलित वस्तीत उतरणार की मंदिराच्या आवारात? जमिनीचा कागद नसलेल्याला घर मिळणार का? आणि वॉर्डातल्या दलित स्त्री सदस्याच्या सहीशिवाय यादी अंतिम होणार नाही, हे करारात घालणार का? "हे आमच्या तटस्थतेच्या धोरणात बसत नाही" असे उत्तर आले तर चेक परत मागा. काठमांडूत, पोखऱ्यात, सुर्खेतमध्ये दलितांच्या स्वतःच्या संघटना आहेत. त्यांना हिशोब ठेवता येतो, डोंगर चढता येतो, आणि खालचा टोला कुठे आहे हे त्यांना नकाशात शोधावे लागत नाही.

जय भीम.